फोटोत न आलेल्या तुमच्या बहिणीबद्दल

बोरी अरब, नवे घर,
शनिवार, दुपारचे जेवण (जमेल तसे) आटोपल्यावर

रा. रा. मारोतराव यांना, नेर मुक्कामी,

तुमच्या घरचा एकुलता एक जवाई वामन याचा आधी नमस्कार घ्या. (आपल्याकडे साळा वयाने कितीही थोर असो, तोच जवायाच्या पाया पडतो, आणि आमच्या लग्नापासून तुम्ही हा नेम एकदाही चुकवलेला नाही. मीही कधी 'राहू द्या' म्हटल्याचे आठवत नाही. तरी या खेपेला नमस्कार माझ्याकडून. कारण पुढे येईलच.) तुमचा उजवा गुडघा काय म्हणतो? मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यात थेंब वेळेवर घालता ना? तुरीला फुलोरा चांगला धरला असेल. कापूस वेचायला बाया मिळाल्या का? इकडे तर बाईमाणूस औषधाला मिळत नाही, आणि हे मी केवळ वेचणीपुरते बोलत नाही.

तुमची बहीण सौ. विजयमाला तुमच्याकडे पोचली हे बसच्या कंडक्टरकडून कळले. आनंद झाला. आमच्यात भांडण झाले असे ती म्हणत असेल तर त्यात तथ्य नाही, कारण ती एक शब्द बोलली नाही आणि मी जे बोललो ते सगळे कॅमेऱ्याबद्दल होते. मी इकडे मजेत आहे. वरण दोनदा जळले, पण नव्या स्वयंपाकघराला खिडकी मोठी ठेवली असल्यामुळे धूर लवकर बाहेर जातो. खिडकी मोठी ठेवा हा तिचाच हट्ट होता, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.

हे सगळे फोनवर सांगता आले असते. पण तुम्ही फोन आला की तो स्पीकरवर टाकता, छपरीतल्या खाटेवर ठेवता आणि आपण आतून चष्मा आणायला जाता. मागे मी तुम्हाला माझ्या मूळव्याधीबद्दल अगदी खाजगीत विचारले, तर तुमच्या शेजारच्या बसंतीबाईंनी भिंतीपलीकडून सुरणाचा उपाय सांगितला. (उपाय चांगला होता. त्यांना धन्यवाद कळवा.) तेव्हा पत्र बरे. पत्राला स्पीकर नसतो.

मूळ विषय असा की अमरने पुण्यात नवा कॅमेरा घेतला आणि आपला जुना, तिपाईसकट, मला पाठवला. 'बाबा, रिटायर झालात, काही छंद धरा,' असे पोराचे म्हणणे. मी जन्मभर खरेदी केंद्रावर कापसाचा ग्रेडर. गाडी लागली की मूठभर कापूस ओढून ओला किती, किडकी कवडी किती, धागा कसा, हे बोटांवर सांगायचो. माझ्या नजरेवर बोट ठेवायची कोणाची छाती नव्हती (अपवाद तुमची बहीण). त्यामुळे फोटोग्राफी आपल्याला जड नाही असे मला वाटले. मोबाइलवर व्हिडिओ पाहून पाहून मी त्यातली एक शाखा पकडली: दिव्यांनी सजलेल्या इमारतींचे फोटो. तुम्हाला समजेल असे सांगतो. दिवेलागणीला आकाश निळे असते, दिवे लागलेले असतात, आणि उजेड बेताचाच. मग कॅमेऱ्याचा डोळा पापणी लवेपर्यंत उघडून भागत नाही, तो अर्धा-अर्धा मिनिट उघडा ठेवावा लागतो. गळक्या नळाखाली ठेवलेला दुधाचा गंज जसा थेंबाथेंबाने भरतो, तसा आत उजेड साचतो. या अर्ध्या मिनिटात जे जागचे हलत नाही ते फोटोत झकास उमटते, आणि जे हलते ते पुसले जाते. अमर म्हणाला, या एका नियमावर सगळा धंदा आहे.

पहिला प्रयोग मी मारुतीच्या देवळावर केला. शिखराला या वर्षी रंगीत दिव्यांची सिरीज लावली आहे. मी रस्त्याच्या मधोमध तिपाई रोवली, डोळा लावला आणि गप्प उभा राहिलो. आता मला सांगा, बोरीसारख्या गावात रस्त्यात तिपाई रोवून, एक डोळा मिटून, कोणाशी न बोलता उभा राहणारा माणूस कोण असतो? मोजणीवाला. रस्ता रुंद होणार ही आवई आमच्याकडे आधीपासून आहेच. बघता बघता दहा दुकानदार गोळा झाले. 'काहो वामनराव, माहं किती जाते?' 'पायऱ्याच जातीन का शटरबी?' 'रिटायर झाल्यावर मोजणीत लागले का जी तुमी?' डोळा उघडा होता (कॅमेऱ्याचा), म्हणून मी बोललो नाही. धक्का लागला असता. पण सरकारी माणूस गप्प आहे म्हणजे सगळेच जाते, असा लोकांनी अर्थ काढला. सकाळी पाहतो तर दोघांनी पुढची टिनं काढलेली आणि पानठेला शाळेच्या बाजूला सरकलेला. आता पानठेल्यापुढे मास्तरांचे रोज भांडण होते आणि दोन्ही पक्ष मला दोष देतात.

पण फोटो! फोटो असा निघाला मारोतराव, की देऊळ जणू नुकतेच धुऊन ठेवले आहे. भोवती येरझारा घालणारे, हातवारे करणारे ते दहाही जण गायब. मी तुमच्या बहिणीला बोलावून दाखवला. ती तूर निवडत होती. सुपावरून मान वर करून तिने पाहिले आणि विचारले, 'एवढे लोक बोंबलत होते म्हन्ता, मंग दिसत काहून नाही?' मी तिला नियम समजावून सांगितला. तिने तो ऐकून घेतला आणि पुन्हा खडे वेचायला लागली. म्हणजे नियम तिला माहीत होता. ही गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढच्या प्रकारात माझ्याकडून आगाऊ सूचना दिली गेली नाही असे कोणी म्हणू नये.

आता वास्तूच्या दिवसावर येतो. तुमचा गुडघा नेमका तेव्हाच धरला, तुम्ही आला नाहीत. आला असता तर तुम्हीच तिला हाताला धरून बसवले असते आणि हा पत्रव्यवहार टळला असता, म्हणून थोडा दोष तुमच्याकडेही जातो. घर तुम्ही अर्धे बांधलेले पाहिलेच आहे. भर उन्हाळ्यात त्या भिंतींना आणि स्लॅबला सकाळ-संध्याकाळ पाणी तिनेच मारले. डोक्यावर ओला दुपट्टा, हातात पाइप. मिस्त्री म्हणायचा, अशा भिंतीत खिळा जात नाही. (खरेच जात नाही. तीन वाकवले. पण खिळ्याचे पुढे येतेच.) तर वास्तूला राजकुमारने घराला सिरीज लावली. हा जवळच्या तांड्यावरचा पोरगा, लग्नाचे मांडव, डीजे, फ्लेक्स सगळे करतो. गच्चीपासून जमिनीपर्यंत पिवळ्या माळा सोडल्या, खांबांना गुंडाळल्या, दारावर गोल चक्र फिरते ठेवले. दुपारच्या पंगती उठल्या, संध्याकाळ झाली, दिवे लागले आणि मी तिपाई अंगणात रोवली. इथे मात्र कोणी मला मोजणीवाला म्हटले नाही.

मी सगळ्यांना व्हरांड्यात रांगेने मांडले. मधोमध आमच्या थोरल्या वहिनी, इंदुताई. त्या सकाळी येऊन त्या खुर्चीत बसल्या होत्या त्या संध्याकाळपर्यंत तिथेच होत्या. पूजा खुर्चीतून पाहिली, बुंदी खुर्चीत खाल्ली, आशीर्वाद खुर्चीतून दिले. मी ओरडून सांगितले, 'अर्धा मिनिट कोणी हलायचं नाही!' सगळे पुतळे झाले. पहिल्या फोटोच्या वेळी रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला आणि त्याच्या लाइटची पांढरी रेघ सगळ्यांच्या गळ्यातून आरपार ओढली गेली. तेव्हा तुमची बहीण इंदुताईंच्या पाठीला उशी आणत होती. दुसऱ्या वेळी एक फेज गेला. तेव्हा ती मीटरपाशी होती. तिसऱ्या वेळी सगळे ठीक होते, पण इंदुताईंना गारवा लागला आणि त्यांनी, अंग तसूभरही न हलवता, नुसत्या तोंडाने शाल मागितली. मी दरवेळी ओरडत होतो, 'अवं, उभी राहा एका जागी!' आणि ती दरवेळी म्हणत होती, 'हो हो, राह्यतो ना, तेवढं दूध उतू चाललं.' चौथा फोटो जमला. वारा पडला, कुत्रे झोपले, फेज टिकला, माणसे श्वास रोखून. (ओरडून ओरडून घसा कोरडा पडल्यामुळे त्याच अर्ध्या मिनिटात मी तिला पाणी मागितले होते. ते तिने आणून दिले. ही बाब किरकोळ आहे.)

फोटो पाहून राजकुमार म्हणाला, 'काकाजी, हा फोटो मोबाइलमंदी ठेवाचा नोय, याले दरवाज्याएवढा छापू.' छापला. हॉलमध्ये शिरताच समोर दिसेल असा लावला (तीन खिळे त्यातच वाकले). घर नुसते सोन्याने न्हाऊन निघालेले. लोक येऊन आपापला चेहरा शोधत होते आणि सापडल्यावर लहान मुलासारखे हरखत होते. इंदुताई तर इतक्या स्वच्छ आल्या होत्या की त्यांच्या बांगड्या मोजता येत. पायरीवर झोपलेले कुत्रे आले. खुंट्याला बांधलेली, दुपारच्या पोळ्या खाऊन सुस्त झालेली शेजाऱ्याची शेळी आली. मी त्या दिवशी फार खूश होतो, मारोतराव. इतका की चित्र पूर्ण आहे का, हे मी एकदाही पाहिले नाही. आणि म्हणे ग्रेडर.

ती सगळ्यात शेवटी आली, भांडी आवरून, पदराला हात पुसत. बराच वेळ पाहत राहिली. डावीकडून उजवीकडे, मग उजवीकडून डावीकडे. मग विचारले, 'यात मी कोठी हावो?'

आता इथे दुसरा नवरा असता तर गडबडला असता. मी गडबडलो नाही. मला तिला काहीतरी दाखवता येत होते. दार आणि खिडकीच्या मध्ये, भिंतीपुढे, नीट पाहिले तर एक फिकट पिवळा धूर दिसतो. मी त्यावर बोट ठेवून म्हटले, हा धूर म्हणजे तू. आणि तिला वाईट वाटू नये म्हणून, निव्वळ तांत्रिक मार्गदर्शन म्हणून, पुढे म्हटले, 'पुढच्या वेळी हलू नको.'

ती 'बरं' म्हणाली. मला वाटले पटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर घरात आवाज नव्हता. कुकरची शिट्टी नाही, झाडू नाही, नळ नाही. ती व्हरांड्यात इंदुताईंच्या खुर्चीत बसली होती. वास्तूचे नवे लुगडे, पायाशी पिशवी, हात मांडीवर. मी नेहमीप्रमाणे आतूनच चहाचे विचारले. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, 'हालू नको म्हनलं ना तुमी.' तशीच बसून राहिली. शेजारीण येऊन बोलून गेली, दूधवाला हाक मारून गेला, ती हलली नाही. मी मनात म्हटले, काय सुरेख स्थिर बसली आहे, आत्ता कॅमेरा लावला तर पापणीसुद्धा उमटेल. आणि मी खरोखर कॅमेरा आणायला आत गेलो. बाहेर येतो तो बस आली होती. बससाठी मात्र ती हलली.

त्यानंतर मी स्वस्थ बसलो आहे असे समजू नका. मी प्रश्न तांत्रिक पद्धतीने सोडवायचा प्रयत्न केला. राजकुमारला म्हटले, कॉम्प्युटरवर तिला फोटोत घाल. त्याने पुतण्याच्या लग्नातला तिचा फोटो कापून बरोबर धुराच्या जागी बसवला. पण तिथे ती दारापेक्षा उंच आली, हातात जिलेबीचे ताट, आणि उजेड भलत्याच बाजूने. आमच्या घरावर कोणी देवी प्रसन्न झाल्यासारखे दिसत होते. ते काढायला लावले. मग विचार केला, माणसेच नकोत, नुसत्या घराचा फोटो काढू. सिरीज अजून होतीच. दिवेलागणीला सगळे दिवे लावले, एकटाच अंगणात उभा राहिलो. ट्रॅक्टर आला नाही, फेज गेला नाही, कोणाला गारवा लागला नाही. निर्दोष फोटो. कुठे रेघ नाही, धूर नाही. अमरला पाठवला, तर त्याने विचारले, 'बाबा, ही कुठली बँक आहे?'

शिवाय फ्लेक्स पाहायला लोक अजून येतात. इंदुताई रोज येतात, स्वतःसमोर खुर्ची टाकून बसतात आणि चहा मागतात. चहा मीच करतो. साखर विचारायला बाहेर, गाळणी शोधायला आत, कप कमी पडला म्हणून पुन्हा बाहेर, तोवर दूध उतू जाते म्हणून धावत आत. परवा इंदुताई म्हणाल्या, 'भाऊजी, घटकाभर बसा ना, तुमी दिसूनच नाही राह्यले.' मी तसाच दुधाचा गंज हातात धरून उभा राहिलो. मग गॅस बंद करायला गेलो.

मारोतराव, मला तिची फार आठवण येते. (हे वाक्य मनातल्या मनात वाचा.) घर नवे आहे, भिंती पक्क्या आहेत, आणि कोणत्या बटणाने कोणता दिवा लागतो हे मला माहीत नाही. मी सगळी बटणे दाबून पाहतो आणि जो लागेल त्या दिव्याखाली बसतो. फ्लेक्स मी अजून उतरवलेला नाही. सगळे गेले की त्या धुरापाशी जाऊन उभा राहतो. नीट पाहिले तर पदराचा काठ दिसतो. आधी मला दिसला नव्हता.

असो. घरातील लहानथोरांना यथायोग्य सांगा. डोळ्याला जपा. गुडघ्याला तेल लावा, पण सरसूचे नको. पत्र लांबले, पण इकडे बोलायला दुसरे कोणी नाही.

आपला,
वामन

ता. क. पत्राचा हेतू केवळ खुशाली कळवणे हाच आहे. पण तुम्हाला इकडे यायचेच असेल, घर पाहायचे राहिलेच आहे, तर येताना तिला सोबत आणा. जवायाने स्वतः न्यायला जाणे बरे दिसत नाही. लोक म्हणतील, चहा जमला नाही म्हणून आला.

ता. क. दुसरा. अमरशी बोललो. तो म्हणतो, अर्धा मिनिट संपता संपता एकदा फ्लॅश मारला तर चालता माणूसही चेहऱ्यासकट उमटतो. म्हणजे तिच्या हलण्यात दोष नव्हता. फ्लॅश मला मारता येत नव्हता. हे तिला माझ्या नावाने सांगू नका, अमरच्या नावाने सांगा. (नाही, माझ्याच नावाने सांगा.)

ता. क. तिसरा. तिखटाचा डबा तिने कुठे ठेवला आहे ते विचारून कळवा. फार अडले आहे.

ता. क. चौथा. डबा सापडला. समोरच होता. हे मात्र तिला कळू देऊ नका. डब्यासाठी तरी ती फोन करील.

ता. क. शेवटचा. पत्र टाकायला निघालो, तर पोस्टाच्या आधी बस आली. पोस्टाने हे कधी पोचले असते कोण जाणे, म्हणून मीच घेऊन आलो आहे. आत्ता नेरच्या स्टँडवर बसून हा मजकूर जोडतो आहे. कॅमेरा घरीच ठेवला. हे पत्र आधी कोणाच्या तरी हाती तुमच्याकडे धाडतो आणि मागून मी येतो. एवढे करा, मारोतराव: पायाबिया पडायचे काढू नका, आणि जवाई दारात आला म्हणून तिला चहाला उठवू नका. ती बसलेली असेल तर बसू द्या. चहा मी करीन.